एका वेधशाळेचे स्थलांतर

मुंबई बेटाच्या दक्षिण टोकाला, जेथे जमीन निमुळती होत समुद्रात शिरते, तेथे कुलाबा नावाचा भाग आहे. ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ साली तेथे एक वेधशाळा उभारली. बंदरात येणाऱ्याजाणाऱ्या जहाजांना अचूक वेळ कळावी आणि आकाशातील ज्योतींचे वेध घेता यावेत, हा तिचा आरंभीचा हेतू होता. पुढे १८४१ सालापासून तेथे हवामानाच्या आणि पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी होऊ लागल्या. टांगलेल्या चुंबकाची स्थिती दुर्बिणीतून पाहायची आणि तो आकडा वहीत टिपायचा, हे काम वर्षामागून वर्षे अखंड चालले. राज्यकर्ते बदलले, अधिकारी बदलले, मुंबईचे रूप पालटले. वहीतील आकड्यांची रांग मात्र तुटली नाही.

विसाव्या शतकाच्या आरंभी या रांगेवर एक विलक्षण संकट आले. हे संकट ट्रॅमगाडीचे होते. मुंबईत १८७४ सालापासून घोड्यांच्या ट्रॅमगाड्या धावत होत्या आणि त्या कुलाब्यापर्यंत येत होत्या. त्यांचा वेधशाळेला उपद्रव नव्हता. परंतु आता घोडे जाऊन त्यांच्या जागी वीज येणार, असे ठरले. नगरवासीयांना ही वार्ता आनंदाची वाटली. वेधशाळेला मात्र आपले बिऱ्हाड उचलण्याची तयारी करावी लागली.

रस्त्यावरून जाणारी ट्रॅमगाडी वेधशाळेच्या भिंतीला स्पर्श करणार नव्हती. तिच्या तारेचा वेधशाळेतील उपकरणांशी संबंध येणार नव्हता. मग दूरच्या तारेतून वाहणारी वीज बंद खोलीतील चुंबकसूचीला हात न लावता कशी हलविणार? या एका प्रश्नाच्या उत्तरात विद्युत् आणि चुंबकत्व यांचे सारे मर्म साठविलेले आहे.

एखादी वस्तू हलवावयाची तर तिला स्पर्श झाला पाहिजे, असा नित्याचा अनुभव आहे. बैल गाडी ओढतो, तेव्हा मध्ये जू असते. विहिरीतून घागर वर येते, तेव्हा मध्ये दोर असतो. पण कोरड्या हवेच्या दिवसांत प्लॅस्टिकचा कंगवा केसांवरून चारसहा वेळा फिरवून कागदाच्या बारीक कपट्यांजवळ धरला, म्हणजे निराळाच प्रकार दिसतो. कंगवा अद्याप बोटभर दूर असतानाच कपटे उडी मारून त्याला चिकटतात. मध्ये जू नाही, दोर नाही, काहीच नाही.

या चमत्काराचे कारण पदार्थांच्या घडणीत आहे. प्रत्येक पदार्थ अणूंचा बनलेला असून अणूच्या गाभ्यात धन विद्युद्भार आणि त्याच्या भोवती ऋण विद्युद्भाराचे इलेक्ट्रॉन असतात. दोन्ही भार समसमान असल्यामुळे एरवी त्यांचा प्रभाव बाहेर जाणवत नाही. घर्षणाने केसांतील काही इलेक्ट्रॉन कंगव्यावर जातात आणि कंगव्यावर ऋण भार साठतो. सजातीय भार एकमेकांना दूर लोटतात आणि विजातीय भार एकमेकांना जवळ ओढतात, हा निसर्गाचा नियम आहे. कागदाच्या कपट्यावर एकंदर भार शून्य असतो. परंतु कंगवा जवळ येताच त्यातील ऋण भार किंचित मागे सरतो आणि कंगव्याकडील बाजूला धन भार उघडा पडतो. जवळच्या धन भारावरील ओढ दूरच्या ऋण भारावरील रेट्याहून अधिक ठरते आणि कपटा कंगव्याकडे झेप घेतो.

जवळच्यावर अधिक आणि दूरच्यावर कमी, हे प्रमाण किती, याचे मोजमाप कूलाँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने १७८५ साली केले. अंतर दुप्पट झाले की बल एकचतुर्थांश होते, अंतर तिप्पट झाले की एकनवमांश होते. नियम सापडला, परंतु मधल्या रिकाम्या जागेतून हे बल पोहोचते कसे, हा प्रश्न तसाच राहिला.

चुंबकाची कथा याहून प्राचीन. चुंबकाला उत्तर आणि दक्षिण असे दोन ध्रुव असतात. तेही सजातीय असल्यास एकमेकांना लोटतात व विजातीय असल्यास ओढतात. तथापि विद्युद्भाराप्रमाणे ध्रुव वेगळे काढता येत नाहीत. चुंबकाचे दोन तुकडे केले, तर प्रत्येक तुकडा दोन ध्रुवांचा पूर्ण चुंबक होतो. पृथ्वी स्वतःच एक मोठा चुंबक असल्यामुळे टांगलेली चुंबकसूची दक्षिणोत्तर दिशेत स्थिर होते. याच गुणावर होकायंत्र चालते आणि शेकडो वर्षे नाविकांनी त्याच्याच भरवशावर अथांग सागर ओलांडले.

वीज निराळी आणि चुंबक निराळा, अशी समजूत १८२० सालापर्यंत दृढ होती. त्या वर्षी कोपनहेगन येथील प्राध्यापक ओर्स्टेड यांनी तारेतून विद्युत्प्रवाह सोडला असता जवळची चुंबकसूची आपली दिशा सोडून वळलेली त्यांना दिसली. प्रवाह थांबविताच सूची पुन्हा पूर्ववत झाली. आश्चर्य असे की, सूची तारेकडे ओढली गेली नाही किंवा तारेपासून दूरही लोटली गेली नाही; ती तारेला आडवी होऊ पाहत होती. तारेभोवती सूची निरनिराळ्या जागी धरली असता असे दिसून येते की, प्रवाहाचा चुंबकीय प्रभाव तारेला वळसा घालून, कड्यांच्या आकारात पसरलेला असतो.

ही वार्ता पॅरिसला पोहोचताच काही आठवड्यांत अँपियर या गणितज्ञाने पुढचे पाऊल टाकले. दोन समांतर तारांमधून एकाच दिशेने प्रवाह वाहिला तर तारा परस्परांना ओढतात आणि उलट दिशांनी वाहिला तर परस्परांना लोटतात, हे त्याने दाखवून दिले. येथे लोहचुंबक नावालाही नव्हता. गतिमान विद्युद्भार हेच चुंबकीय प्रभावाचे एक उगमस्थान आहे, हे यावरून सिद्ध झाले.

आता तो जुना प्रश्न अधिकच तीव्र झाला. जेथे तार नाही तेथे तिचा प्रभाव कसा असतो? या प्रश्नाने ज्याला झपाटले, तो माणूस विद्यापीठात शिकलेला नव्हता. मायकेल फॅरडे हा लंडनजवळच्या एका गरीब लोहाराचा मुलगा. १७९१ साली त्याचा जन्म झाला. शालेय शिक्षण जेमतेम झाले आणि पोटासाठी त्याला पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी करावी लागली. बांधणीसाठी येणारी पुस्तके तो वाची. त्या वाचनातून विज्ञानाची गोडी लागली आणि अखेरीस लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्याला साहाय्यकाची जागा मिळाली. तेथेच त्याने आपले सारे आयुष्य वेचले.

फॅरडेला उच्च गणित येत नव्हते. पण त्याची दृष्टी अतिशय सूक्ष्म होती. चुंबकावर कागद ठेवून त्यावर लोखंडाचा कीस भुरभुरावा आणि कागदाला हळूच टिचकी मारावी. कीस अस्ताव्यस्त न राहता एका ध्रुवापासून दुसऱ्या ध्रुवापर्यंत वक्र रेषांत मांडला जातो. हा खेळ पूर्वीच्या लोकांनीही पाहिला होता. फॅरडेने मात्र त्यातून निराळा अर्थ काढला. चुंबकाचे सामर्थ्य केवळ त्या लोखंडाच्या तुकड्यात कोंडलेले नसून त्याच्या भोवतालच्या साऱ्या अवकाशात पसरलेले आहे, असे त्याला वाटले. त्या वक्र रेषांना त्याने बलरेषा म्हटले. बलरेषांनी भारलेल्या अशा अवकाशाला आज क्षेत्र म्हणतात. विद्युद्भाराभोवती विद्युत्क्षेत्र असते. चुंबकाभोवती आणि प्रवाहाभोवती चुंबकीय क्षेत्र असते.

क्षेत्राची कल्पना महाबळेश्वरच्या पावसावरून चांगली समजते. डोंगरमाथ्यावर पडलेल्या पाण्याच्या थेंबाला समुद्र कोठे आहे, हे ठाऊक नसते. तो ज्या जागी पडतो, तेथील उतार त्याला दिशा देतो. पश्चिमेकडील उतारावर पडलेला थेंब सावित्रीवाटे अरबी समुद्राला मिळतो. हातभर पलीकडे पूर्वेकडील उतारावर पडलेला थेंब कृष्णेवाटे बंगालच्या उपसागराकडे निघतो. त्याचप्रमाणे एखाद्या कणाला दूरचा चुंबक किंवा दूरचा भार ओढत नाही. कण ज्या बिंदूवर असतो, त्या बिंदूवरील क्षेत्र त्याच्यावर बल लावते. प्रत्येक भार आपल्या भोवती क्षेत्र निर्माण करतो आणि दुसऱ्याने निर्माण केलेले क्षेत्र त्याच्यावर क्रिया करते. जू आणि दोर यांची उणीव अशा रीतीने क्षेत्र भरून काढते.

१८३१ साली फॅरडेने आणखी एक शोध लावला. तारेच्या वेटोळ्याजवळचे चुंबकीय क्षेत्र बदलत असले, म्हणजे त्या वेटोळ्यात वीज उत्पन्न होते. कोयनेच्या पाण्यावर चालणारे वीजनिर्मितीचे यंत्रही याच तत्त्वावर फिरते. तरीही त्याच्या बलरेषांकडे अनेक गणितज्ञ केवळ सोयीचे चित्र म्हणून पाहत. गणिताची भाषा नसल्यामुळे त्याची कल्पना त्यांना पटत नव्हती. ती भाषा तिला जेम्स क्लार्क मॅक्सवेल या तरुण स्कॉटिश शास्त्रज्ञाने दिली. १८६५ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात त्याने विद्युत् आणि चुंबकीय क्षेत्रांची समीकरणे मांडली. त्या समीकरणांतून असे निघाले की, क्षेत्रात झालेला बदल सर्वत्र एकाच क्षणी पोहोचत नाही. तो लाटेसारखा, सेकंदाला सुमारे तीन लक्ष किलोमीटर वेगाने पसरतो. प्रकाशाचा वेगही तेवढाच. तेव्हा प्रकाश ही विद्युत्-चुंबकीय क्षेत्रांचीच लाट होय, असा निष्कर्ष मॅक्सवेलने काढला. लोहाराच्या मुलाने कागदावरच्या लोखंडी किसात जे पाहिले होते, ते अखेर सूर्यकिरणांपर्यंत जाऊन भिडले.

या दोन क्षेत्रांचे स्वभाव मात्र भिन्न आहेत. विद्युत्क्षेत्र भारित कणाला आपल्या दिशेत लोटते, मग तो कण स्थिर असो वा गतिमान असो. धन भार क्षेत्राच्या दिशेने जातो, ऋण भार उलट दिशेने जातो. चुंबकीय क्षेत्र स्थिर भाराला स्पर्शही करीत नाही. भार धावू लागला की मगच ते त्याच्यावर बल लावते, आणि तेही त्याच्या मार्गाला काटकोनात. त्यामुळे कणाचा वेग वाढत नाही किंवा घटत नाही, केवळ दिशा वळते. गोफणीतील दगड दोरीच्या ओढीमुळे जसा गोल फिरत राहतो, तसा कण बलरेषेभोवती गोल फिरू लागतो. त्यातच बलरेषेच्या दिशेनेही त्याला गती असली, तर झाडाला वेढे देत चढणाऱ्या वेलीप्रमाणे तो रेषेभोवती वळसे घेत पुढे सरकतो. १८९७ साली जे. जे. टॉमसन यांनी निर्वात नळीतील किरणांना या दोन्ही क्षेत्रांनी वळवून पाहिले आणि त्या वळणावरूनच त्या किरणांतील इलेक्ट्रॉन हा सूक्ष्म कण ओळखला.

इतके ध्यानात घेतल्यावर कुलाब्याचे संकट स्पष्ट होते. विजेच्या ट्रॅमगाडीला डोक्यावरच्या तारेतून प्रवाह मिळतो आणि तो रुळांवाटे परत जातो. काही प्रवाह रुळांतून जमिनीत झिरपतो आणि भलत्याच वाटांनी भटकतो. जेथे प्रवाह तेथे चुंबकीय क्षेत्र, हा ओर्स्टेड यांचा धडा. एका लांब सरळ तारेतून शंभर अँपियरचा प्रवाह वाहत असेल, तर शंभर मीटर अंतरावर त्याचे क्षेत्र सुमारे २०० नॅनोटेस्ला भरते. नॅनोटेस्ला म्हणजे टेस्ला या मापाचा अब्जावा भाग होय.

मुंबईत पृथ्वीच्या क्षेत्राचा क्षितिजसमांतर घटक त्या काळी सुमारे ३७,००० नॅनोटेस्ला होता. त्यापुढे २०० हा आकडा क्षुल्लक वाटेल. परंतु वेधशाळेचे काम मोठा आकडा एकदा मोजून संपत नव्हते. त्यात होणारे लहान बदल टिपणे, हेच तिचे खरे काम होते. पृथ्वीच्या पोटात सुमारे २,९०० किलोमीटर खोलीखाली वितळलेल्या लोहाचा थर आहे. त्यातील प्रवाहांमुळे पृथ्वीचे चुंबकत्व निर्माण होते आणि ते वर्षानुवर्षे मंदपणे बदलत असते. शिवाय शंभरएक किलोमीटर उंचीवरील विरळ हवेत सूर्यप्रकाशामुळे विद्युत्प्रवाह वाहतात आणि त्यांच्यामुळे दर दिवशी क्षेत्रात काही दशक नॅनोटेस्लांची चढउतार होते. ज्याच्या कानाशी नगारा वाजत आहे, त्याला पाखराची शीळ कशी ऐकू येणार? ट्रॅमगाडीचा प्रवाह एकसारखा असता, तर तो हिशेबातून वजा तरी करता आला असता. पण गाडी थांबते, निघते, चढावर अधिक वीज घेते. अशा लहरी प्रवाहाचा हिशेब ठेवणे अशक्य होते.

ही अडचण केवळ मुंबईपुरती नव्हती. लंडनजवळच्या क्यू वेधशाळेलाही विजेच्या ट्रॅमगाड्यांमुळे आपले चुंबकीय काम १९०८ साली स्कॉटलंडमधील एस्कडेलमूर या एकांत जागी हलवावे लागले.

कुलाब्याच्या वेधशाळेची सूत्रे १८९६ सालापासून नानाभाई अर्देशीर फ्रामजी मूस यांच्याकडे होती. त्या वेधशाळेचे ते पहिले भारतीय संचालक. शहराच्या सोयीसाठी विजेची गाडी येणे योग्यच होते. पण साठ वर्षांची नोंद तुटणे हीही मोठी हानी होती. या दोहोंतून मार्ग काढावयाचा, तर नव्या जागेचा शोध घेणे भाग होते. मूस यांनी मुंबईच्या दक्षिणेस सुमारे तीस किलोमीटरवरील अलिबागची निवड केली. तेथे ना ट्रॅम होती, ना आगगाडी. गंमत अशी की, अलिबागच्या समुद्रातील किल्ल्याचे नाव कुलाबा, आणि अलिबाग ज्या जिल्ह्याचे मुख्य ठाणे होते, त्या आजच्या रायगड जिल्ह्याचे नावही त्या काळी कुलाबाच होते. वेधशाळेने एक कुलाबा सोडला आणि ती दुसऱ्या कुलाब्याला गेली.

जागा निवडून भागले नाही. चुंबकीय वेधशाळेची इमारतच चुंबकाला जड जाणारी असेल, तर सारा खटाटोप व्यर्थ. सह्याद्रीचा काळा पाषाण भक्कम खरा. पण त्यात लोहयुक्त चुंबकीय खनिजाचे कण असतात आणि त्यांच्यामुळे सूची बहकते. म्हणून पोरबंदरचा निवडक दगड वापरण्यात आला. साध्या लोखंडी खिळ्याबिजागऱ्यांनाही तेथे थारा नव्हता. त्यांची जागा तांबेपितळ यांसारख्या अचुंबकीय धातूंनी घेतली. उष्णतेच्या चढउतारानेही चुंबकाचे सामर्थ्य बदलते, म्हणून खोलीतील तापमान शक्य तितके स्थिर राहील, अशी योजना करण्यात आली.

१९०४ साली अलिबागच्या नोंदी सुरू झाल्या. मात्र कुलाब्याच्या नोंदी त्याच दिवशी थांबविण्यात आल्या नाहीत. १९०४ पासून १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणी एकाच वेळी वाचने घेण्यात आली. नवे माप घेण्यापूर्वी शहाणा व्यापारी जुन्या आणि नव्या मापाने तेच धान्य मोजून पाहतो आणि दोहोंतील फरक लिहून ठेवतो. तसेच हे होते. पृथ्वीचे क्षेत्र दोन गावी अगदी सारखे नसते. दोन्ही जागांतील फरक एकदा कळला, म्हणजे जुने आकडे आणि नवे आकडे एकाच माळेत ओवता येतात. ही खबरदारी घेतली नसती, तर १८४१ पासूनची रांग कुलाब्यात संपली असती आणि अलिबागला एक निराळीच रांग सुरू झाली असती.

७ मे १९०७ रोजी मुंबईत विजेची ट्रॅमगाडी धावू लागली. तोपर्यंत कुलाब्याचे चुंबकीय काम अलिबागला सुखरूप पोहोचले होते. साठ वर्षांच्या जुन्या नोंदींचा बारकाईने अभ्यास करून मूस यांनी १९१० साली ते सारे दोन भागांत प्रसिद्ध केले.

या आकड्यांचा एवढा सांभाळ कशासाठी करावयाचा, अशी शंका कोणाच्याही मनात येईल. त्याचे उत्तर त्या वह्यांतच, १८५९ सालच्या पानांवर होते. त्या वर्षी १ सप्टेंबरला रिचर्ड कॅरिंग्टन हे इंग्रज ज्योतिषी सूर्यावरील डागांचे चित्र काढीत असताना डागांच्या एका समूहावर त्यांना अकस्मात तीव्र शुभ्र प्रकाश दिसला. काही मिनिटांतच तो मावळला. त्यानंतर अठरा तास होण्यापूर्वीच पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र खवळून उठले. एरवी ध्रुवप्रदेशाजवळ दिसणारा ध्रुवप्रकाश क्यूबा आणि हवाई बेटांपर्यंत दिसला. तारायंत्रांच्या तारांमध्ये आपोआप प्रवाह वाहू लागले. अमेरिकेतील बॉस्टन आणि पोर्टलंड या शहरांमध्ये तर तारमास्तरांनी विद्युद्घट काढून ठेवून केवळ त्या आगंतुक प्रवाहावर संदेश पाठविले.

मुंबईत तेव्हा २ सप्टेंबरची सकाळ होती. कुलाब्याला अद्याप आपोआप नोंद करणारी यंत्रे नव्हती. सारे वाचन डोळ्यांनी करावे लागे. सूची बेभान झालेली पाहून वाचक गोंधळले असतील. पण त्यांनी वाचन थांबविले नाही. क्षितिजसमांतर क्षेत्र सुमारे १,६०० नॅनोटेस्लांनी, म्हणजे शेकडा चार इतके खाली आले होते. कारण ठाऊक नसतानाही त्यांनी आकडे जसे दिसले तसे वहीत उतरविले.

ते कारण आज सांगता येते. सूर्यावरील स्फोटातून भारित कणांचा एक प्रचंड लोट स्वतःचे चुंबकीय क्षेत्र बरोबर घेऊन बाहेर फेकला जातो. पंधरा कोटी किलोमीटरचे अंतर तोडून तो पृथ्वीपाशी आला, म्हणजे पृथ्वीचे क्षेत्र ढालीसारखे आड येते. धावत्या भाराला वळविणे हा चुंबकीय क्षेत्राचा स्वभावच असल्यामुळे बहुतेक कण बाजूला वळविले जातात. परंतु लोटातील क्षेत्राची दिशा पृथ्वीच्या क्षेत्राच्या उलट असली, तर दोन्हींच्या बलरेषा एकमेकींना जोडल्या जातात आणि ढालीला जणू खिंडार पडते. आत शिरलेले कण बलरेषांभोवती वेढे घेत ध्रुवांकडील हवेवर आदळतात आणि तेथे प्राणवायूचे व नत्रवायूचे अणुरेणू उजळून ध्रुवप्रकाश दिसतो. इतर कण पृथ्वीभोवती घिरट्या घालू लागतात. धन भाराचे कण पश्चिमेकडे आणि इलेक्ट्रॉन पूर्वेकडे सरकत असल्यामुळे पृथ्वीभोवती विद्युत्प्रवाहाचे एक विशाल कडे तयार होते. या कड्याचे क्षेत्र जमिनीवर पृथ्वीच्या क्षेत्राच्या उलट दिशेने असते, म्हणून क्षितिजसमांतर घटक खाली येतो. कंगव्याजवळचा कपटा, ओर्स्टेड यांची सूची आणि सूर्याकडून आलेला हा लोट या साऱ्यांना एकच नियम लागू आहेत.

२००३ साली भारतीय भूचुंबकत्व संस्थेतील आणि परदेशांतील शास्त्रज्ञांनी कुलाब्याच्या त्या जुन्या नोंदी पुन्हा अभ्यासल्या आणि १८५९ चे चुंबकीय वादळ किती तीव्र होते, याचा अंदाज त्यांवरून बांधला. दीड शतकाच्या आसपास पडून राहिलेले आकडे असे बोलू लागले. हा अभ्यास केवळ जिज्ञासेपोटी झालेला नाही. बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे लांब तारांत वीज उत्पन्न होते, हा फॅरडेचा नियम. १३ मार्च १९८९ रोजी अशाच, परंतु त्याहून सौम्य वादळाने कॅनडातील क्वेबेक प्रांताची वीज सुमारे नऊ तास बंद पाडली आणि साठ लक्ष लोक अंधारात बसले. आज घरोघरच्या दिव्यांपासून अवकाशातील उपग्रहांपर्यंत सारा व्यवहार विजेवर अवलंबून आहे. सर्वांत मोठे वादळ केवढे असू शकते, हे ठाऊक असल्याखेरीज त्यापासून बचावाची तयारी करता येत नाही.

मुंबईची ती ट्रॅमगाडीही आता इतिहासजमा झाली आहे. ३१ मार्च १९६४ रोजी ती शेवटची धावली. पण तोपर्यंत विजेच्या आगगाड्या, कारखाने आणि असंख्य तारा यांचे जाळे शहरभर पसरले होते. कुलाब्याला पूर्वीची शांतता पुन्हा लाभली नाही. अलिबागची वेधशाळा मात्र आपल्या जागी उभी आहे. तिची उपकरणे बदलली, नोंदीच्या रीती बदलल्या. काम तेच राहिले. दिवसा आणि रात्री, भरतीला आणि ओहोटीला, भर पावसात आणि रखरखीत उन्हात पृथ्वीच्या क्षेत्राचा प्रत्येक कंप तेथे टिपला जात आहे. १८५९ साली कुलाब्याच्या वाचकांनी आपल्यापुरते काम चोख केले आणि त्याचे मोल पुढच्या पिढ्यांना कळले. अलिबागला आज लिहिला जाणारा आकडाही असाच कोणा अजून न जन्मलेल्या अभ्यासकाची वाट पाहत असेल.